सीटखाली इंजिन, डोक्यावर पत्रा

माझा उजवा हात कोपराखाली डाव्यापेक्षा चांगला दोन शेड काळा आहे. धाकटी पोरगी दोन्ही हात जवळजवळ ठेवायला लावते आणि विचारते, "पप्पा, यातला तुमचा कुठला?" ड्रायव्हरची बाजू उजवी, काच खाली, हात खिडकीवर. चार उन्हाळे पार्सलच्या गाडीवर काढले की ही खूण उठतेच. हात करपलेला निदान दिसतो तरी. बाकी काय चाललंय ते मागच्या एप्रिलपर्यंत मला कळलं नव्हतं.

गाडी म्हणजे छोटा टेम्पो, मागं बंद बॉडी. आधी सहा-सात वर्षं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून कापडाच्या गाठी भरून निपाणी, गडहिंग्लज, जयसिंगपूर करायचो. त्या कामात गाडी पळत राहते, वारं लागतं. पार्सलच्या कामात गाडी पळतच नाही. दोनशे मीटर जायचं, थांबायचं, उतरायचं, मागं बॉडीत शिरून पार्सल हुडकायचं, जिना चढायचा, ओटीपी घ्यायचा, खाली येऊन पुन्हा स्टार्टर. दिवसाला सत्तर-ऐंशी वेळा.

आमच्यासारख्या बऱ्याच छोट्या टेम्पोंचं इंजिन सीटच्या खाली असतं. गाडी चालू असेपर्यंत पाणी फिरतं, पंखा फिरतो, खालून वारं जातं. चावी बंद केली की हे सगळं थांबतं, पण तापलेलं लोखंड थांबत नाही. त्याची धग वर यायला लागते. म्हणून पाच मिनिटांनी जिना उतरून परत बसावं तर सीट मघापेक्षा जास्त तापलेली. वर रेक्झिनचं कव्हर. पहिल्यांदा बसताना मांडीला चटका, मग घाम, मग त्या घामात चिकटून बसणं. रोज तेच, म्हणून मी त्याचा विचारही करत नव्हतो. गाडी आहे म्हटल्यावर तापणारच.

मागच्या एप्रिलात भाचीचं लग्न आणि त्याला लागूनच गावची जत्रा, असे दहा-बारा दिवस गाडी दारात उभी होती. परत आलो तो सोमवार. हप्ता तोंडावर आलेला. हबवर गेलो आणि म्हटलं, आज भरून द्या. पंच्याऐंशी पार्सल घेतली. आमचा हब शिरोलीकडं, हायवेच्या कडेला. लांबची गाडी पहाटे येते, माल सुटा होऊन आमच्या हातात पडेपर्यंत साडेनऊ वाजतात, भरून बाहेर पडायला दहा. म्हणजे दिवसातला थंड वेळ पत्र्याच्या शेडमध्ये वाट बघण्यात संपतो आणि खरं काम सुरू होतं ते ऊन चढल्यावर. त्या दिवशी मोबाइल 39 दाखवत होता.

सकाळी एक मिसळ आणि दोन चहा एवढ्यावर निघालो होतो. पाण्याची एक लिटरची बाटली डॅशबोर्डवर. अकरापर्यंत ते पाणी अंघोळीला घ्यावं इतकं गरम झालं, मग प्यावंसंच वाटेना. आणि खरं सांगायचं तर मी पाणी जाणूनबुजून कमी प्यायचो. रहिवासी भागात लघवीला जायचं कुठं? लोकांच्या दारातून पार्सल देऊन निघायचं आणि त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीला उभं राहायचं, हे मला जमत नाही. आमच्याबरोबर एक पोरगी स्कूटरवर छोटी पार्सलं वाटते. ती तर सकाळी नऊला घरून निघाली की दुपारी तीनला परत जाईपर्यंत घोटभरच पाणी घेते. हे मला नंतर, सगळं झाल्यावर तिनंच सांगितलं. तोवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

बाराच्या पुढं डोक्याभोवती दोरी आवळल्यासारखं व्हायला लागलं. सागरमाळाच्या चढावर एकानं हॉर्न वाजवला तर मी काच खाली करून त्याला वाट्टेल ते बोललो. मी तसा भांडकुदळ माणूस नाही. नंतर दोन्ही हातांवर काटा आला. भर उन्हात, थंडी वाजल्यासारखा. मला वाटलं, ताप येतोय. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, क्लच दाबताना डावा पाय वळायचा. तेवढ्यात काचेला लावलेला मोबाइल बंद पडला. स्क्रीनवर नुसता तापमानाचा इशारा. मोबाइल बंद म्हणजे नकाशा बंद, ओटीपी बंद आणि हबवरच्या स्क्रीनवर मी गायब. एका किराणा दुकानदाराच्या फरशीवर फोन दहा मिनिटं पालथा ठेवला तेव्हा तो सुरू झाला. फोनला तेवढी अक्कल होती. तो तापला तसा बंद पडला, मी मात्र पुढचं पार्सल काढायला बॉडीत शिरलो.

बंद बॉडी दुपारी दीड वाजता काय असते ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. वाकून शिरायचं, पत्र्याला हात लावायचा नाही, खोक्यांच्या पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा तापलेला वास, आणि पार्सल नेमकं तळाशी. पार्सल होतं कुत्र्याच्या खाद्याचं, दहा किलोचं पोतं. पत्ता राजारामपुरीतल्या एका जुन्या अपार्टमेंटचा, तिसरा मजला. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कानात शिट्टी वाजायला लागली. भिंतीला टेकलो. भिंत गार लागली एवढं आठवतं. वर गेलो, बेल दाबली. एका आजींनी दार उघडलं. मी ओटीपी मागितला, त्यांनी चार आकडे सांगितले. मी दाबले, चुकले. परत सांगितले, परत चुकले. घामानं स्क्रीनवर बोट उठत नव्हतं हे एक, पण खरी गोष्ट अशी की आकडे दिसत होते आणि ते एकापुढं एक लावता येत नव्हते. सात म्हणजे कुठला, हे मी शोधत होतो.

"काय झालंय रं तुला?" आजी म्हणाल्या. "बस हितं. आकडं ऱ्हाऊ देत."

शहाबादी फरशीवर बसलो ते सरळ आडवाच झालो. आजींनी पंखा लावला, टॉवेल भिजवून मानेवर ठेवला, दुसरा छातीवर. बूट काढायला लावले. मग वाटीत गुळाचा खडा आणि तांब्या. "नुसतं पाणी ढोसू नगंस, आदी गूळ घे." पहिल्यांदा घेतलेलं सगळं उलटून पडलं, त्यांच्या दारातच. मी लाजेनं अर्धा झालो. त्यांनी पुसून घेतलं आणि दुसऱ्यांदा लिंबू-मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजलं. एवढ्या वेळात कुत्रं माझ्या कानाशी उभं राहून वास घेत होतं. शेजारच्या पोराला हाक मारून त्यांनी मला त्याच्या मोटारसायकलवरून डॉक्टरकडं पाठवलं. गाडी तिथंच, अठ्ठेचाळीस पार्सलांसकट.

डॉक्टरांनी बघितलं, बीपी खाली, नाडी पळतेय, ताप 101. उलटी झाली म्हणून सलाईन लावली. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मात्र मला विचित्र वाटला. "गेले आठ-दहा दिवस कुठं होतास?" मी लग्नाचं आणि जत्रेचं सांगितलं. ते म्हणाले, तिथंच घोळ झालाय. उन्हात काम करायची सवय शरीराला एक-दोन आठवडे थोडं थोडं करून लागते. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, काळीज कमी धावतं. आठवडाभर सावलीत काढला की ही सवय उतरायला लागते. "आणि तू आल्या-आल्या पंच्याऐंशी पार्सल घेतलीस."

मी म्हटलं, डॉक्टर, माझा जन्म कोल्हापुरातला, मला उन्हाची सवय कसली लावताय. ते हसले. जन्म कुठला ते शरीर बघत नाही, गेल्या पंधरवड्यात काय केलं ते बघतं, असं काहीतरी म्हणाले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ती मी हबवरच्या सगळ्या पोरांना सांगत सुटलोय. मला झालं तो उन्हाचा थकवा. त्याच्या पुढची पायरी उष्माघात, म्हणजे अंगातला ताप 104 च्या वर आणि डोकं ठिकाणावर नाही. आपल्याकडं लोक घाम थांबला की नाही ते बघत बसतात. मेहनतीच्या कामात उष्माघात झालेल्याला दरदरून घामही येत असतो. बघायचं ते हे, की माणूस असंबद्ध बोलतोय का, झिंगल्यासारखा चालतोय का, साधा आकडा चुकतोय का. तसं दिसलं की 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. ओटीपी चुकला ते ऐकून ते दोन सेकंद गप्प बसले होते.

पुड्यांचंही त्यांनीच सांगितलं. ओआरएसची एक मोठी पुडी एका लिटरला, पूर्ण. आम्ही अर्धी पुडी अर्ध्या बाटलीत अंदाजानं झटकायचो, नाहीतर पानपट्टीवरचं गोड खोकं प्यायचो, त्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस लिहिलेलं असायचं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांना तो शब्द वापरायला बंदी घातली. पुडी नसेल तर घरचं चालतं. लिटरभर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घरात आता ते रोज सकाळी होतं. बायको त्यात लिंबू पिळते.

तीन दिवस घरी पडून होतो. पार्सल नाही तर पैसे नाहीत, हा हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तीन दिवसांत आबा रोज माझ्याजवळ बसायचे. आबांनी आयुष्यभर ट्रक चालवला, आंबा घाटानं रत्नागिरी. त्यांच्या ट्रकच्या आरशाला कॅनव्हासची छागल लटकलेली असायची. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं सुकतं आणि सुकताना आतलं पाणी गार करतं. मी म्हटलं, तुम्ही कसं काढलं हो एवढ्या उन्हात? आबा म्हणाले, "आम्ही कुठं काढलं? बारा वाजलं की गाडी झाडाखाली, आणि आम्ही गाडीखाली. तीनपत्तूर झोपायचं. मालकाला कळायचं न्हाई आन् कळलं तरी त्यो काय करणार हुता?"

चुलतभाऊ शिरोलीत फौंड्रीत आहे. तो बघायला आला, त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "आरं आमच्या भट्टीत 1,400 अंशाचा रस असतोय. त्याच्याम्होरं सलग कोण उभा ऱ्हातोय? ओतायला पाळी असतीय. ओतलं की भाईर. पाणी पी, बस, मग दुसरा जातोय. नवीन पोरगा आला तर पयल्या आठवड्यात त्याला भट्टीम्होरं धरतच न्हाईत."

म्हणजे आबा झोपत होते आणि भाऊ पाळीनं बाहेर येत होता. माझ्या कामात थांबायची जागाच नव्हती. दोन पार्सलांच्या मधला वेळ तेवढा आपला, आणि तोही ॲपच्या स्क्रीनवर उशीर म्हणून लाल होत असतो. हे तेव्हा मला एवढं स्पष्ट दिसलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात गाडीच होती. गाडी गार केली की झालं, असं मी धरून चाललो आणि पुढचा पंधरवडा त्यातच घालवला.

चौथ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रीकडं गेलो. त्याआधी भिंतीवर लावायचं साधं थर्मामीटर घेऊन केबिनमध्ये आरशाच्या मागं बांधलं, सावलीत राहील असं. मोबाइलवर 38 होतं त्या दिवशी गांधीनगरच्या गर्दीत अर्धा तास रखडल्यावर त्यात 47 दिसलं. आधी वाटलं, थर्मामीटर बोगस आहे. तसं नसतं. हवामान खातं आकडा घेतं तो पांढऱ्या जाळीदार लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, वारा खेळेल अशा जागी. आमच्या बुडाखाली इंजिन आहे याच्याशी त्या आकड्याचा काय संबंध.

मिस्त्रीनं सीट उचलली, इंजिनावरचं झाकण काढलं आणि मलाच बोलावलं. "हिकडं ये, बग." झाकणाच्या कडेचं रबर निम्म्याहून जास्त गेलेलं. आतल्या बाजूला नमद्यासारखं जाड आवरण असतं, त्याच्या चिंध्या लोंबत होत्या. वरून हात धरला तर गरम वाफ सरळ गिअरच्या दांड्याशेजारून वर येत होती, म्हणजे माझ्या मांडीवर. रेडिएटरच्या जाळीत माती, पाचोळा, उसाचं पाचट. आणि कूलंटच्या जागी नळाचं पाणी, मीच घातलेलं, दोन वर्षांपूर्वी.

"कूलंट काय चैन हाय व्हय?" मिस्त्री म्हणाला. नुसतं पाणी लवकर उकळतं आणि आतून गंजवतं हे त्यानं मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. त्यानं रबर बदललं, पत्र्याच्या शेडला आतून लावतात तो चंदेरी फोम झाकणाला खालून दोन थर बसवला, जाळी उलट्या बाजूनं पाण्यानं धुतली, फॅनबेल्ट ताणला, कूलंट भरलं. मजुरीसकट 2,300 रुपये. दुसऱ्या दिवशी तशाच गर्दीत 43 दिसलं. चार अंश. मांडीचा चटका मात्र जवळजवळ गेला, आणि खरं सांगतो, ते चार अंशांपेक्षा मोठं वाटलं.

बाकी उद्योग बरेच केले. बॉडीच्या टपावर गोणपाटं बांधून पंपावर भिजवली. गाडी सुटली की वीस मिनिटांत वाळून कडक, पापडासारखी. बारा व्होल्टचा छोटा पंखा लावला. सकाळी बरा वाटतो, दुपारी तो फक्त गरम हवा तोंडावर फेकतो. मानेवर ओला टॉवेल असेल तरच त्याचा उपयोग. सीटवर लाकडी मण्यांचं आसन टाकलं, हे शंभर टक्के पैसे वसूल. बॉडीला वरून खिडकी पाडायचा विचार होता, पण आरटीओच्या परवानगीशिवाय बॉडीत बदल केला की पासिंगला अडकतं, म्हणून सोडून दिला. आबांची छागल माळ्यावरून काढली, दोनदा उकळत्या पाण्यातून काढली, आरशाला लटकवली. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी झकास गार. मेमध्ये दमट हवा सुरू झाली की ती पाझरते आणि नुसती टपकते, गार फारसं करत नाही. आपला घामही दमट हवेत तसाच वाळत नाही, अंगावर नुसता राहतो. छागल बघितली की मला आता कळतं, आज किती सांभाळायचं.

खरा फरक पडला तो मात्र फुकटच्या गोष्टींनी. माल भरताना आता उलटा भरतो. शेवटचं पार्सल सगळ्यात आत, पहिलं दाराशी, गल्लीप्रमाणं पोत्यात वेगळं केलेलं. भरायला वीस मिनिटं जास्त लागतात, पण दुपारी बॉडीत शिरायची वेळ फारशी येत नाही, दारातूनच हात घालून निघतं. दुपारनंतर दक्षिणेकडून उत्तरेकडं यायचं, म्हणजे आधी कळंबा, पाचगाव, आर. के. नगर आणि मग शहरात. ऊन पश्चिमेचं, डाव्या काचेतून येतं, ड्रायव्हर सावलीत. एवढी साधी गोष्ट चार वर्षं सुचली नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य साडेबाराच्या सुमारास नेमका डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस. तेव्हा इमारतीच्या कडेला गाडी लावून काही होत नाही, खांबाचीसुद्धा सावली त्याच्या पायाशी. त्या दिवसांत झाड हवं. ताराबाई पार्कात मिळतं, शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला शोधत फिरावं लागतं. आता माझ्या डोक्यात शहराचा नकाशा झाडांनी भरलाय. कुठल्या कोपऱ्यावर गुलमोहर आहे, तो किती वाजता रस्त्याच्या कुठल्या बाजूला सावली टाकतो, हे मला पत्त्यांपेक्षा पाठ आहे.

आणि पेट्रोल पंप. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळायला पाहिजे, डिझेल भरा न भरा. हे मला माहीत होतं, पण मागायला संकोच वाटायचा. आता मार्गावरचे चार पंप ठरवलेत. त्या स्कूटरवाल्या पोरीलाही ते दाखवले. दोन ठिकाणी बायकांच्या बाजूला कुलूप असतं, चावी आतून मागून घ्यावी लागते. ती म्हणते, "मागतो की आता, लाजून काय करू?" लघवीचा रंग बघायचा, पिवळाधमक दिसला की पाणी कमी पडलंय. हे पोरांना सांगितलं तेव्हा सगळी खिदळली. दुसऱ्या दिवशी एकेक जण कोपऱ्यात येऊन मला रंग सांगत होता.

एवढं करूनही मेच्या सुरुवातीला एकदा परत काटा आला हातावर. या वेळी खूण ओळखली आणि एका वडाखाली गाडी लावून पाऊण तास बसलो. स्क्रीनवर सहा पार्सल उशिरा झाली. संध्याकाळी त्याचे पैसे कापलेले दिसले. तेव्हा कुठं भावाचं बोलणं नीट डोक्यात शिरलं. चार अंश मी कमी केले, पण उन्हात किती वेळ राहायचं ते माझ्या हातात नव्हतंच.

आम्ही पाच जण मिळून ठेकेदाराकडं गेलो. भांडायला नाही, भांडून त्याच्याकडं कुणाचं काही झालेलं नाही. कागदावर लिहून नेलं. आदल्या दिवशीची राहिलेली आणि वजनाची, वरच्या मजल्यांची पार्सलं सकाळी सातलाच द्या, पहाटेच्या गाडीची वाट कशाला? साडेबारा ते साडेतीन फक्त दुकानं, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, तळमजला, सावलीतला माल. राहिलेली घरं चारनंतर. तशीही लोकं दुपारी फोन उचलत नाहीत, झोपलेली असतात. आणि रजेवरून परत आलेल्याला पहिले तीन-चार दिवस निम्मा माल.

त्यानं कागद वाचला. सकाळी सातचं लगेच मान्य केलं, कारण त्यात त्याचीच राहिलेली पार्सलं निघत होती. दुपारचं म्हणाला, वरून वेळ ठरलेला आहे, माझ्या हातात नाही. निम्म्या मालाचं ऐकून तर हसला. "घरी जत्रा खाऊन यायचं आन् हितं निम्मं काम?" मी त्याला चार आकड्यांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. पण या वर्षी मार्चमध्ये एक नवीन पोरगा लागला, तेव्हा त्याला पहिला आठवडा तीस-पस्तीसच पार्सलं मिळाली. ठेकेदार म्हणाला, पोराला रस्ते माहीत नाहीत म्हणून. असेल.

दुपारचं आम्ही आमच्या पातळीवर अर्धंमुर्धं करतो. चारनंतर चालेल का, असं गिऱ्हाइकाला आदल्या रात्रीच मेसेज करून विचारतो. दहातले सात जण हो म्हणतात. गिऱ्हाइकानंच वेळ मागितली की स्क्रीन लाल होत नाही. उरलेल्या तिघांकडं जातो.

2025 पासून नवीन बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. मी ती बातमी हबवर मोठ्यानं वाचून दाखवली, सगळे खूष. मग एकानं खालचा भाग वाचला. साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. आमचे टेम्पो त्याच्या खालचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सामाजिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली, त्यात ॲपवर काम करणाऱ्यांचा उल्लेख आहे म्हणतात, असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड आम्ही सगळ्यांनी काढून ठेवलंय. पाकिटात आहे ते, लायसनच्या मागं.

मागच्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला आणि उन्हाळा आटोपला, म्हणून सुटलो असंही म्हणता येईल. या वर्षी एप्रिल सुरू झाला तसा छागल परत लटकवली. थर्मामीटर काढून टाकलं. सारखं बघत बसायचा नाद लागला होता.

आजींच्या इमारतीची लिफ्ट अजून बंद आहे. त्यांचं पार्सल आलं की मी खालून हाक मारतो. त्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडतात आणि ओटीपी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडून सांगतात. कितीदा सांगितलं, आजी, हळू सांगा, तो गुपित असतो. पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदात गुळाचा खडा असतो, तो मी काढून घेतो आणि पार्सल ठेवतो. कुत्र्याचं पोतं मात्र दोरीनं जात नाही. ते मी सकाळी सातच्या फेरीत वर नेऊन देतो.